तिसरा पुकारा

कोर्टावर मनापासून जीव असलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो वकील नव्हता, जज नव्हता, आवारात चहा विकणाराही नव्हता. ते माझ्या बायकोचे मामा. माझी सगळी हयात नागपूरच्या दिवाणी कोर्टाच्या धुळीत गेली. तिथे जिवाला कंटाळलेली माणसं मी रोज पाहत आलो, आणि दाढी करताना आरशात त्यांतलंच एक दिसायचं. पण तारखेच्या आदल्या दिवशी कोट इस्त्रीला टाकणारा, पहाटे उठून जोडे पुसणारा आणि दिवसभर बाकावर बसून शेवटी फक्त पुढची तारीख मिळाली तरी जेवून तृप्त झाल्यासारखा उठणारा पक्षकार दुसरा झाला नाही. माझ्या दुर्दैवाने तो माझाच पक्षकार होता, आणि बायकोकडून नातेवाईक.

मामाजी उंच, शिडशिडीत. गांधीबागेतल्या एका कापडाच्या दुकानात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली, त्यामुळे बोलताना दोन्ही हात पसरून हवेत कापड मोजायची त्यांना सवय होती. मुद्दा लहान असला की हात थोडे पसरत, मोठा असला की समोरच्याला मागे सरकावं लागे. मूलबाळ नव्हतं, मामी लवकर गेल्या. भाची म्हणून जो काही लोभ होता तो आमच्या हिच्या वाट्याला आला आणि खटला माझ्या वाट्याला.

खटला जिन्याचा होता. मामाजींच्या वडिलांनी सक्करदऱ्याला एक दुमजली घर बांधलं होतं. खालचा मजला थोरल्या मुलाला, वरचा धाकट्याला म्हणजे आमच्या मामाजींना. वर जायचा जिना मात्र खालच्या घरातून. वडील होते तोवर कोणाला त्यात अडचण दिसली नाही. पुढे एका उन्हाळ्यात मामाजींनी वर धोतर पिळलं, ते पाणी खाली थोरल्या मामींनी वाळत घातलेल्या मुगवड्यांवर पडलं, आणि शब्दाला शब्द वाढत गेला. थोरले मामा रागाच्या भरात बिऱ्हाड उचलून कामठीला मुलाकडे गेले. मुलाचे तिथे हातमाग जाऊन पॉवरलूम आले होते, घर मोठं होतं. जाताना त्यांनी खालच्या घराला, म्हणजे पर्यायाने जिन्याला, कुलूप लावलं आणि किल्ली करदोट्याला बांधून घेतली.

मामाजींनी दुसऱ्याच दिवशी रस्त्याच्या बाजूने वरच्या सज्जाला एक लोखंडी शिडी लावून घेतली. पुढची कित्येक वर्षं हा गृहस्थ आपल्याच घरात चोरासारखा शिडीने चढत होता. भाजी, कणीक, रॉकेलचा डबा, सगळं बादलीतून दोरीने वर जायचं. पाहुणा आला की मामाजी सज्जातून वाकून विचारत, "चढता का, का मी उतरू?" बहुतेक पाहुणे खालूनच कुशल विचारून जात. मी जिन्याच्या वहिवाटीचा दावा लावला तेव्हा नवा जावई होतो. जावयाला नाही म्हणायची सोय नसते हे कोणत्याच कायद्याच्या पुस्तकात लिहिलेलं नाही, पण लागू सगळीकडे आहे.

मी किती वेळा म्हटलं असेल, "मामाजी, कामठी म्हणजे काही लंडन नाही. बसमध्ये बसा, जा, दोन शब्द बोला, किल्ली घेऊन या." ते हात पसरून म्हणत, "मी काहून जाऊ? कुलूप त्यानं लावलं. बोलवू दे ना त्यानं." थोरल्यांचे वकील माझे जुने मित्र. त्यांच्याकडे थोरले म्हणायचे, "मी काहून बोलवू? दावा त्यानं लावला." असे आम्ही दोन वकील बाररूममध्ये समोरासमोर बसून एकमेकांचा चहा पीत असू आणि दोन म्हाताऱ्यांच्या तारखा घेत असू.

अशातच आमच्या घरी टीव्ही आला, आणि टीव्हीवर ती कोर्टाची मालिका सुरू झाली. दर आठवड्याला एक खून, एक निरपराध आरोपी आणि एक वकील. तो वकील शेवटच्या दहा मिनिटांत कोटाची बटणं लावत उभा राहायचा आणि म्हणायचा, "मिलॉर्ड, खरा गुन्हेगार याच कोर्टात बसला आहे." दिवसभर काळा कोट घालून घामाने निथळलेला मी घरी येऊन पाय पसरावे म्हणतो, तर समोर पुन्हा कोर्ट. त्यात मामाजी सायकल मारत सक्करदऱ्याहून धंतोलीला आमच्याकडे येऊन बसलेले. कोट घालून. टोपी घालून.

नुसते बसले असते तर मी काही बोललो नसतो. पण टीव्हीतला जज आत आला की मामाजी उभे राहत, आणि आम्हा सगळ्यांना उभं करत. ही कणकेच्या हातांनी उभी, मी बनियनवर उभा, शेजारच्या काकू विणकामाच्या सुया धरून उभ्या. जज बसला की बसायचं. साक्ष चालू असताना चिवडा खायचा नाही, कुरकुर होते. जाहिराती आल्या की त्यांच्या मते कोर्ट जेवायला उठलं, तेवढ्यात चहा. मी एकदा वैतागून म्हटलं, "मामाजी, तो जज काचेच्या आत आहे, त्याला आपण दिसत नाही." ते म्हणाले, "त्याले नाही दिसत. पण आपल्याले तर दिसते ना आपण बसून राहिलो ते."

ही सवय कुठली, ते नंतर हिच्याकडून समजलं. मामाजींचे वडील कोर्टात पट्टेवाले होते. दालनाबाहेर उभं राहून पक्षकारांचा पुकारा करायचा हे त्यांचं काम, आणि घरीही त्यांचं कोर्ट सुटत नसे. जेवायची वेळ झाली की ते स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून खड्या आवाजात पुकारत, "थोरले हाजिर हो. धाकटे हाजिर हो." असा पुकारा तीनदा. तिसऱ्याला जो आला नाही तो गैरहजर, त्याचं ताट उचललं जायचं. ही दोन पोरं सक्करदऱ्याच्या तलावावर असली तरी दुसऱ्या पुकाऱ्याला धापा टाकत दारात. वडील बसेपर्यंत दोघांनी उभं राहायचं, मग पाटावर बसायचं. थोरल्यांचे वकील मला एकदा सांगत होते, "आमचे पक्षकार फार विचित्र गा. टीव्हीवर जज आला की सुनेपासून सगळ्यांना उभं करतात." मी चहा थंड होऊ दिला.

त्या मालिकेमुळे माझी घरातली किंमत उतरली ती उतरलीच. "जावईबापू, तुमचा आवाज काहून नाही चढत? तुम्ही टेबलावर मूठ काहून नाही मारत?" मी सांगितलं की आमच्या कोर्टातल्या टेबलाला मूठ मारली तर पाय निखळतो. त्यांना ते पटलं नाही. मग एकदा मामाजींचीच साक्ष निघाली. मी आठवडाभर त्यांना पढवलं: विचारलं तेवढंच सांगायचं, कमी बोलायचं. साक्ष बरी चालली होती. शेवटी जजसाहेबांनी सहज विचारलं, "तुम्हाला आणखी काही सांगायचं आहे?" मामाजींनी कोटाची बटणं लावली.

"मिलॉर्ड," मामाजी म्हणाले, "खरा गुन्हेगार याच कोर्टात आहे."

जजसाहेबांनी चष्मा काढला. "कोण?"

मामाजींनी हात लांब करून समोरच्या बाकाकडे दाखवलं. थोरल्यांच्या कमरेला किल्ली लोंबत होती. "ते. ती किल्ली. मायी भावावर कोणती तक्रार आहे? कुलूप उघडलं तर मी त्याच्याशी आत्ता बोलतो." कोर्टात हसू फुटलं. थोरल्यांनी दुपट्टा तोंडाला लावला, तो हसण्यासाठी की कशासाठी ते मला दिसलं नाही. जजसाहेबांनी पुढची तारीख दिली आणि मामाजी खूश होऊन बाहेर आले. मला मात्र वाटलं, आता हे दोघं असेच शिडीवर आणि बाकावर म्हातारे होऊन मरणार, आणि माझ्या कपाटात नुसती फाइल राहणार. वाईट वाटलं, पण दुसऱ्या दिवशी आणखी चार तारखा होत्या.

मग तो भाग आला. ऐन उन्हाळा होता, कूलर धडधडत होता. त्या दिवशीच्या गोष्टीत दोन भाऊ, इस्टेटीवरून वाकडं, आणि थोरला बंगल्याच्या जिन्याखाली मरून पडलेला. धाकटा आरोपीच्या पिंजऱ्यात. मामाजी पहिल्या पाच मिनिटांतच खुर्चीच्या काठावर आले. "जिना पाहिला का जावईबापू, जिना." नंतर त्यांनी चहाही घेतला नाही. माळ्याची साक्ष झाली, मोलकरणीची झाली, मुनीम आला आणि घाम पुसून गेला. शेवटी तो वकील उठला, त्याने बटणं लावली, "मिलॉर्ड, खरा गुन्हेगार याच कोर्टात बसला आहे," म्हणाला, आणि लाइन गेली.

कूलर थांबला. अख्खी धंतोली अंधारात. हिने मेणबत्ती लावली तेव्हा मामाजी टीव्हीच्या काळ्या काचेकडे पाहत उभे होते. "येईन लाइन, येईन," म्हणत ते बसले, पुन्हा उठले. लाइन आली तेव्हा टीव्हीवर शेतीची माहिती चालली होती. मामाजी हळूच म्हणाले, "भावानं मारलं का नाही, एवढं सांगून तरी जायची होती लाइन." मी म्हटलं, "मामाजी, नाटक आहे ते." त्यांनी कोट काढला नव्हता, तसाच सायकलवर बसून गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी सकाळी अंगणात खाट टाकून पडलो होतो. आठवड्यातली ती एकच सकाळ माझी. मामाजी फाटकात हजर, कोट घालून. नागपुरात सगळीकडेच लाइन गेली होती, सक्करदरा, महाल, गांधीबाग, कोणालाच शेवट माहीत नव्हता म्हणे. "कामठीले गेली नसन," ते म्हणाले. "तिकडं छावणीची लाइन आहे. चला जावईबापू."

"कुठे?"

"कामठीले. त्याले विचाराले."

विरुद्ध पक्षाच्या घरी त्याच्या वकिलाला न सांगता जाणं बरं नव्हे, असं काहीतरी मी पुटपुटलो. ही दारात येऊन उभी राहिली. "जा ना, मामा स्वतःहून म्हणून राहिले," असं ती स्वतःलाच म्हणाल्यासारखी म्हणाली आणि माझा सदरा माझ्या हातात दिला. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी दोघं अडून बसले होते, तो शब्द आता टीव्हीवरच्या खुनासाठी निघाला होता. मी उठलो.

बसमध्ये मामाजी खिडकीशी बसले आणि कामठी येईपर्यंत त्यांनी कोटाचं एक बटणही सोडलं नाही. गल्लीत शिरलो तशी लूमची खटखट सुरू झाली. थोरल्यांचं घर आलं, आणि मामाजी फाटकातच थांबले. "तुम्ही जा," म्हणाले. "बोलावल्याशिवाय मी नाही येत." उन्हात, कोटात, त्या फाटकाला धरून ते उभे राहिले. मी कपाळावर हात मारून आत गेलो.

थोरले मामा पडवीत खाटेवर होते. कोर्टात दिसत त्यापेक्षा फार उतरलेले, पाय सुजलेले. सुनेने मला पाणी दिलं. थोरल्यांनी मान उचलून फाटकाकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग कोपरावर भार देऊन ते उठून बसले, घसा खाकरला आणि त्या सुकलेल्या माणसातून असा काही आवाज निघाला की सून दारात थबकली.

"धाकटे हाजिर हो."

फाटक हललं नाही. लूम चालू होते.

"धाकटे हाजिर हो."

मामाजी आले. तिसरा पुकारा होऊ दिला नाही त्यांनी. पडवीत येऊन थोरल्यांसमोर हात बांधून उभे राहिले. बसले मात्र नाहीत, आणि थेट बोललेही नाहीत. दोघंही माझ्याकडे पाहून बोलायला लागले.

"जावईबापू, विचारा त्याले, काल इकडं लाइन होती का."

"सांगा त्याले, होती. अन् बसाले सांगा. घाम आला त्याले. तो कोट काढाले सांगा."

"विचारा, कोणं मारलं."

थोरल्यांनी पंच्याने मानेवरचा घाम पुसला. "सांगा त्याले, धाकट्यानं नाही मारलं. मुनीम निघाला. जिन्यावर तेल सांडून ठेवलं होतं त्यानं. धाकटा कायले मारन थोरल्याले?"

"नक्की का म्हणा."

"म्या सोताच्या डोयानं पाहिलं म्हणा."

मामाजी खाली बसले, जमिनीवरच. मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "अन् थोरल्यानं कुलूप काहून लावलं होतं?"

त्या मालिकेत कुलूपबिलूप काही नव्हतं. मी सून उभी होती तिकडे पाहायला लागलो.

"राग आला होता गा," थोरले म्हणाले. पहिल्यांदा थेट.

"मुगवड्यांचा?"

"मुगवड्यांचा कायचा राग. तू वरून म्हणाला, पडल्या तर पडल्या. खाली येऊन म्हणाला असता तर भांडलो असतो अन् झालं असतं. तू वरूनच म्हणाला."

मामाजींनी खाली मान घातली. मग दोघं मुगवड्यांवर बोलले, वडिलांवर बोलले, तलावातल्या कुठल्याशा माशावर बोलले. माझी तिथे काही गरज नव्हती. मी पडवीच्या खांबाला टेकून चक्क झोपलो. उठलो तेव्हा थोरल्यांनी करदोट्याची किल्ली सोडून मामाजींच्या हातात ठेवली होती. मामाजी ती परत देत होते.

"एकटा नाही उघडत मी. तू ये, मिळून उघडू."

"हे पाय पाहतं ना माये."

"बरे होतीन. घाई कोणाले आहे."

शेवटी ठरलं की थोरल्यांनी दसऱ्याला सोनं द्यायला सक्करदऱ्याला यायचं आणि दोघांनी मिळून कुलूप काढायचं. किल्ली तोवर मामाजींकडे. निघताना थोरले खाटेवरून उठून उभे राहिले, सुनेचा हात धरून. आम्ही फाटकाबाहेर जाईस्तोवर उभेच होते.

परतीच्या बसमध्ये मला बरं वाटत होतं. कधी नव्हे तो माझा एक खटला मिटत होता, तोही मी झोपलेलो असताना. मी म्हटलं, "झालं ना समाधान? मुनीमच निघाला."

मामाजी किल्ली तळहातावर घेऊन बसले होते. "मुनीम नाही," ते म्हणाले. "धाकट्यानंच मारलं होतं. मले सकाळीच समजलं. पानठेलेवाल्याचा साळा भंडाऱ्याहून आला, त्यानं पाहिला पूर्ण. या वेळी वकिलाचाच पक्षकार खुनी निघाला."

मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. "मग आपण कामठीला गेलो कशाला?"

"तो काय म्हणते ते पाहाचं होतं." त्यांनी किल्ली कोटाच्या आतल्या खिशात टाकली आणि खिसा वरून दाबला. "खोटी साक्ष दिली त्यानं. पण शपथ नव्हती घेतली, चालते." नंतर ते बाहेर पाहत राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि माझेही भरले. मी बसमधल्या धुळीला नावं ठेवली.

तो उन्हाळा मामाजी फार खुशीत होते. किल्ली खिशात असूनही शिडीनेच चढत होते. पाऊस लागला, शिडी निसरडी झाली, ही रोज काळजी करायची, पण ते ऐकेनात. "दसऱ्याले उघडीन. त्याच्यासोबत." त्यांनी खालच्या अंगणातलं गवत उपटलं, थोरल्यांना बसायला म्हणून एक आरामखुर्ची आणून ठेवली. टीव्हीसमोर मात्र आता ते कोट न घालता येऊ लागले. एकदा तर जज आला तरी त्यांना उठायचं भान राहिलं नाही, कारण ते हिला दसऱ्याच्या स्वयंपाकात काय करायचं ते सांगत होते. मुगवड्यांची भाजी हवी, म्हणाले.

नवरात्र बसायच्या आधीच कामठीहून निरोप आला. थोरले मामा झोपेतच गेले. मामाजी गेले, खांदा दिला, राख सावडेपर्यंत थांबले आणि परत येऊन शिडीने वर गेले. माझ्याकडे बरेच दिवस आले नाहीत. पुढच्या तारखेला मी एकटाच कोर्टात गेलो आणि दावा मागे घेतला. थोरल्यांच्या वकिलांनी त्या दिवशी चहाचं नाव काढलं नाही, मीही नाही.

दसऱ्याला संध्याकाळी आम्ही दोघं सक्करदऱ्याला गेलो. मामाजी कोट घालून अंगणात उभे होते, हातात आपट्याची पानं आणि किल्ली. मला म्हणाले, "चला जावईबापू. ठरलं होतं ना." कुलूप गंजलं होतं, मला जोर लावावा लागला. दार उघडलं. आत बंद घराचा वास, आणि समोर तो जिना. साधा, लाकडी, कठडा एका बाजूने सुटलेला. एवढ्यासाठी मी इतकी वर्षं झिजलो, असं मनात आलं.

मामाजी जिन्याच्या पायथ्याशी ताठ उभे राहिले. घसा खाकरून त्यांनी वडिलांच्या आवाजात पुकारा केला.

"थोरले हाजिर हो."

ही दारातच थांबली. मामाजींनी वाट पाहिली, पुन्हा पुकारलं, पुन्हा वाट पाहिली. तिसरा पुकारा करायला त्यांना फार वेळ लागला. केला तेव्हा आवाज वडिलांचा नव्हता, त्यांचाच होता. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "गैरहजर. लिहून घ्या."

ते पहिल्या पायरीवर बसले आणि एका बाजूला सरकले. शेजारी एका माणसापुरती जागा झाली. दिवसभराच्या दगदगीने माझे पाय दुखत होते, मला वाटलं ती जागा माझ्यासाठी आहे, म्हणून मी पुढे झालो. मामाजींनी हाताने मला थांबवलं आणि आपट्याची पानं त्या जागेवर ठेवली. मी उभाच राहिलो. उभं राहायची मला सवय आहे.